अर्धं ताट

या रे बाळांनो, जवळ सरका. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. जराशी कडू आहे, पण मनात ठेवण्याजोगी.

समुद्र वर चढल्यावर खाडीत तरंगती वस्ती उभी राहिली, त्या काळातली ही गोष्ट. केतकीचा भाऊ बारशाआधीच गेला. मूठभर जीव, काचेच्या उबपेटीत ठेवला तरी अंग ऊब धरेना. घरात तांदूळ होता, मासळी होती, तराफ्यावर शेवगाही होता. मग बाळ एवढंसं का? आणि आता पल्लवीकाकूलाही पाचवा महिना लागला होता.

आईला तपासायला मैना (घरोघर फिरणारा आरोग्य-रोबो) आली, तेव्हा केतकीनं तिलाच विचारलं, बाळ एवढंसं का झालं.

"आई जेवायची किती?" मैना म्हणाली.

"अर्धं ताट. आजीच तेवढं वाढते, काकूलाही. बाळ लहान राहिलं की सुटका सोपी होते म्हणे."

"मग! माझ्या सासूनं मला असंच जेवू घातलं," बायजाआजी कडाडली. "पाच बाळंतपणं झाली माझी. तुला गं काय कळतंय, पत्र्याची बाहुली तू!"

"खरंय, आजी. पाचांतली जगली किती?"

आजीनं कोपऱ्यातल्या रिकाम्या पाळण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन."

मैनेनं आवाज खाली आणला. "केतकी, आईच्या रक्तातलं अन्न वारेतून (गर्भाशयाला चिकटलेला, बाळाला पोसणारा अवयव) नाळेवाटे बाळाला पोचतं. ते तोकडं पडलं की बाळाचं शरीर आधी मेंदू सांभाळतं. बाकीची वाढ मागे पडते. कातडीखाली चरबी साठत नाही, म्हणून जन्मल्यावर ऊब टिकत नाही, आजाराशी झगडायला बळ उरत नाही. बाळ लहान असण्याला दुसरीही कारणं असतात. पण इथे अर्धं ताट हे एक कारण होतंच. आणि अशक्त आईला सुटका सोपी नाही, उलट जड जाते."

"सटवाई कपाळी लिहील तेच होतं," आजी पुटपुटली.

"पण आजी, सटवाई तर बाळ जन्मल्यावर लिहिते ना?" केतकी म्हणाली. "मग त्याआधीचे नऊ महिने कोण लिहितं?"



त्या संध्याकाळी आजीनं काकूचं ताट वाढलं: भात, वरण, शेवग्याची भाजी, मासळी.

"सासूबाई, एवढं?"

"जेव. लागलं तर माग." आणि आजी रिकाम्या पाळण्याकडे पाठ करून बसली.

केतकीनं दुसरं भरलं ताट भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईजवळ नेऊन ठेवलं.

पुढे काकूला मुलगी झाली. तिचं रडणं पलीकडच्या तराफ्यापर्यंत ऐकू गेलं. थाटात बारसं झालं.

त्या पहिल्या बाळाला मात्र नावच मिळालं नाही. देवापुढे हात जोडाल ना, बाळांनो, तेव्हा त्याचीही आठवण ठेवा.