स्टार्टरवरचा रुमाल

जेवणं आटोपली होती. लाइट गेलेली, म्हणून सगळे ओट्यावर. मी नवी सून, त्यामुळे दाराच्या चौकटीला टेकून; अर्धी घरात, अर्धी गप्पांत. ह्यांना सोमवारपासून दोंडाईच्याजवळच्या एका वाइनरीत केमिस्ट म्हणून रुजू व्हायचं होतं. टाक्यांचं तापमान मोबाइलवर कसं दिसतं, वेलींना पाणी केव्हा हवं ते जमिनीतला सेन्सर कसा सांगतो, हे ते चुलतसासऱ्यांना, म्हणजे नानांना, पुन्हा एकदा समजावत होते.

"बठ्ठं मोबाइलवर दिसस?" नाना म्हणाले. "मझार माणूस शे का नही, ते दिसस का?" बठ्ठं म्हणजे सगळं, मझार म्हणजे आत; एवढी अहिराणी मला आता कळू लागली होती.

हे हसले. नाना हसले नाहीत.

"माझा मावसभाऊ अभिमन तिथे वायरमन होता. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. मागच्या वर्षीच्या धुळवडीची रात्र. पोरं रंग धुऊन झोपली होती. पण द्राक्षाला धुळवड नसते. संध्याकाळच्या गारव्यात तोडलेला माल रात्रीच चिरडावा लागतो, नाहीतर सकाळच्या उन्हात आंबायला लागतो. सुपरवायझर भटूचा फोन आला, मशीन चालू होत नाही, ये. अभिमनने टेस्टर घेतला, गाडीला किक मारली. जाताना बायकोला म्हणाला, चहा ठेवू नको, आत्ता येतो."

नानांनी सुपारी कातरली.

"तिथे एक स्टीलचा हौद आहे. तळाला मांडीएवढा जाड स्क्रू फिरतो, द्राक्षं ओढून पुढे चिरडायला नेतो."

मांडी म्हणताना त्यांनी स्वतःची मांडी थोपटली. माझी नणंद रूपा, जिला गोष्ट नको पण ऐकायची मात्र होती, तिने पाय पोटाशी घेतले.

"हौद धुवायला जो उतरेल, त्याने आपला रुमाल स्टार्टरच्या दांडीला बांधायचा. रुमाल दिसला की मशीनला हात लावायचा नाही. गाठ ज्याची, त्यानेच सोडायची. मालकाने पाट्या लावल्या, लाल कुलपं आणली. माणसं रुमालच बांधत राहिली.

"त्याच्या आदल्या हंगामात वना नावाचा गडी उतरला होता. मशीन सुरू झालं. वना... राहिला नाही. भटू म्हणाला, रुमाल नव्हता, विसरला असेल. सगळे म्हणाले, विसरला. रुमाल खरंच कुठे मिळाला नाही. वनाची बायको सुगंधाबाई तोडणीच्या दिवसांत फाटकाशी यायची आणि एकच विचारायची, 'रुमाल सापडना का?' कोपऱ्याला हिरव्या दोऱ्याचे टाके तिनेच घातले होते. आपला माणूस चुकला नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं."

"मग?" हे म्हणाले. आवाजातला केमिस्ट जरा कमी झाला होता.

"मग अभिमन पोचला. भटू प्यालेला, शिव्या देत उभा. अभिमनने पॅनलवर बॅटरी मारली. स्टार्टरच्या दांडीला रुमाल.

"'रुमाल कोन्हा शे?'

"'मी फोन करा तवय नव्हता,' भटू म्हणाला.

"अभिमनने कोपरा चिमटीत धरला. ओला. हिरवे टाके.

"हौदात बॅटरी मारली. नुसती द्राक्षं, काठोकाठ. तो ओरडला, 'मझार कोण शे?'

"काही नाही...

"मग पत्र्यावर आतून एक ठोका. ठक.

"अभिमन म्हणाला, 'भटू, ऱ्हाऊ दे. ज्यानी बांधा, त्यानीच सोडानं.' भटूचं डोकं फिरलं. त्याने अभिमनला ढकललं, तो पॅनलवर आदळला, कपाळ फुटलं. 'बाया समोर मारं वनानी माले! एका पोरीना हात धरा म्हणीसन! तवय बी रुमाल मीच सोडा. काय झायं?' आणि गाठ ओरबाडून त्याने रुमाल हौदात भिरकावला.

"बटण दाबलं. मशीन गप्प.

"परत दाबलं. गप्प.

"भटू हौदावर वाकला. द्राक्षं अडकली असतील म्हणून हात घातला...

"सुरू झालं.

"बोटं. मनगट. कोपर. भटू ओरडत होता. अभिमनने लाल बटणावर मूठ मारली. थांबेना. मेन खाली ओढला. दिवे गेले. अंधार. स्क्रू फिरतच होता... करंट नसताना. अभिमनने त्याची कंबर कवटाळून मागे ओढलं. आतून ओढणारा जास्त ताकदीचा होता. खांदा मोडल्याचा आवाज आला. मग ओरडणं थांबलं. मशीन नाही.

"पांढऱ्या वाइनची द्राक्षं होती ती. नळीतून टाकीत रस पडत होता. लाल."

माझ्या हातातला तांब्या कधीचा तिरका झाला होता. पाणी पायावर सांडलं तेव्हा कळलं.

"सकाळी पोलिसांनी हौद उपसला," नाना म्हणाले. "भटूचं जे निघायचं ते निघालं. अंगठीसुद्धा. रुमाल नाही निघाला. अभिमनने सगळ्यांसमोर सांगितलं, वना विसरला नव्हता. मग कपाळाला पट्टी तशीच, सुगंधाबाईला सांगायला तिच्या गावी गेला. तोवर तिला कोणीच काही कळवलं नव्हतं. ती ओट्यावर बसली होती, स्वतःच्या दाराकडे बघत. दाराच्या कडीला बाहेरून रुमाल बांधलेला. ओला. द्राक्षांच्या वासाचा. हिरवे टाके वरच्या बाजूला."

ह्यांनी नकळत खिशातला रुमाल चाचपला. मी पाहिलं, त्यांना कळू दिलं नाही.

"नाना," हे हळूच म्हणाले, "तिने सोडला का तो?"

नानांनी अडकित्ता मिटला.

"आजवर नही. मागच्या दारानी ये-जा करस. कशी सोडी ती? मझार माणूस शे."