लाल पानावरचा आवाज

भुतं रात्रीच भेटतात असं तुम्हाला वाटत असेल, तर हे वाचा.

हे भर दुपारी घडलं. आधी आमच्या चष्म्याच्या दुकानात आणि मग आमच्याच घरात. यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. उलट एक-दोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या चारचौघांत सांगायची लाज वाटते.

आधी माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं.

लहानपणी ती अखंड बडबडायची, म्हणून घरात तिला सगळे टिटवी म्हणायचे. मोठी झाल्यावर त्याच बडबडीवर तिचं पोट चालू लागलं. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' असं सांगणारी बाई असते ना, तसली कामं ती करायची. दवाखान्यातले टोकन नंबर. बँकेच्या फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा'. स्टुडिओ वगैरे काही नव्हता. स्वतःच्या कपड्यांच्या कपाटात रजया टांगायची, आत शिरायची, दार ओढून घ्यायची आणि बोलायची. जेवायला हाक मारली तर कपाटातूनच उत्तर यायचं. पाहुणे दचकायचे.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं. आठवड्याभरात टिटवी गेली.

घरात उरलो मी, बायको आणि आई.

त्या दिवशी दुकानात एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांच्या चष्म्याची काडी तुटली होती. त्याच जातीची फ्रेम कुठे मिळते का, हे मी कॉम्प्युटरवर शोधत होतो. एका फोटोवर क्लिक केलं...

आणि स्क्रीन लाल झाली.

पूर्ण लाल. बाण हलेना. बंद करायची फुली असते तो कोपराच दिसेना. मग भोंगा वाजायला लागला.

आणि मग एक बाई बोलली.

"सावधान. तुमच्या संगणकात घातक व्हायरस शिरला आहे. संगणक बंद करू नका. ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. दुपारच्या वेळी दुकानात बसून हा माणूस काय बघत असतो, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता. माझे कान तापले. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं.

पण मान परत स्क्रीनकडे वळली.

'ताबडतोब' म्हणताना पहिलं अक्षर किंचित लांबवायचं... ही सवय मी एकाच माणसाची ऐकली आहे.

बाई पुन्हा बोलली. सावधान...

मी टेबलाखाली वाकलो आणि वायर उपटली.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आवाजासारखे आवाज असतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आई भांडी पुसत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. हातातलं भांडं मात्र पुसायची थांबली.

"तिचाच आहे तो," आई म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं.

टिटवीला कुणीतरी काम दिलं होतं. लोकांना कॉम्प्युटरची काळजी घ्यायला शिकवायचंय, त्यासाठी नमुन्याची वाक्यं हवीत, असं सांगून. तिने वाचून दिली. नंतर तिच्या एका मैत्रिणीचे सासरे त्या लाल पानाला घाबरून त्या नंबरवर फोन करून बसले. खातं रिकामं झालं. मैत्रिणीने रडत रडत ते पान टिटवीला दाखवलं, बघ गं, असे असतात लोक, म्हणून. टिटवी तिच्यासमोर बसून स्वतःचाच आवाज ऐकत राहिली. मैत्रिणीने ओळखला नाही.

त्या दिवसापासून तिने एकही काम घेतलं नाही. कपाटातल्या रजया काढून टाकल्या. हे फक्त आईला सांगितलं आणि मला सांगायचं नाही अशी शपथ घातली.

"तुला तोंड दाखवायची लाज वाटायची तिला," आई म्हणाली. "तू घरी आलास की उठून आत जायची. तुला वाटायचं, शिष्ट झाली."

खरंच तसं वाटायचं मला.

दुसऱ्या दिवशी माझा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मित्र दुकानात आला. त्याने मशीन तपासलं, हसला. म्हणाला, आत काहीच शिरलेलं नाही. हे नुसतं एक पान असतं, पूर्ण स्क्रीनभर पसरतं आणि माणसाला वाटतं सगळं अडकलं. घाबरून फोन केला की मग खरी चोरी. वायर उपटायची पण गरज नसते. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबायचं, यादीतून ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना तो विचारेल, जुनी पानं परत आणू का? नाही म्हणायचं, बस्स.

आवाज कुणाचा होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

नंतर काही दिवस बरे गेले.

मग एका दुपारी डोळे तपासणारे डॉक्टर आलेच नाहीत. दुकानात बसून करायचं काय? मी लवकर घरी आलो. बायको कामावर होती. दार माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. घर शांत होतं. स्वयंपाकघर रिकामं.

आणि टिटवीच्या खोलीतून...

भोंगा.

अगदी बारीक आवाजात. कुणी उशीखाली दाबून धरल्यासारखा.

मी दारापर्यंत गेलो. आई टिटवीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसली होती. हात मांडीवर. खोलीभर लाल उजेड. ती घाबरलेली नव्हती. लेकीचा सासरहून फोन आल्यावर आया बसतात ना, तशी मान किंचित कलती करून बसली होती.

"सावधान," टिटवी म्हणाली.

आईने मान डोलावली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आई रोज हे करत होती. आम्ही बाहेर पडलो की खोलीत यायची, नको नको त्या पानांवर नको तिथे क्लिक करत बसायची, लाल पान येईपर्यंत. तिला तिच्या मुलीचा आवाज दुसरीकडे कुठेच सापडत नव्हता. लिफ्ट नवीन झाल्या, दवाखान्यात आता मशीन बोलतं.

मी आत जाऊन ते बंद करायला हवं होतं.

मी दारातच उभा राहून ऐकत राहिलो. एका चोराने वापरलेलं वाक्य... आणि मला ते अजून एकदा ऐकायचं होतं. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तरी पाय उचलेना.

तेवढ्यात आईने पदराआडून फोन काढला. तो आधीपासून चालू होता. पलीकडे माणूस होता.

आईने नंबर लावला होता.

व्हायरसला ती भ्यालीच नव्हती. ती त्या माणसाला विनवत होती, की बोलते ती माझी मुलगी, तिचं अजून काही रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल तर मला द्या. चुकलेलं, टाकून दिलेलं, काहीही चालेल. तिचं हसणं असलं तरी चालेल.

तो माणूस मोठा गोड बोलत होता. फोन स्पीकरवर होता, मला सगळं ऐकू येत होतं. म्हणत होता, आहे ना आई, भरपूर आहे. लगेच पाठवतो. फक्त तुमच्या फोनवर आत्ता एक कोड आलाय, तेवढा वाचून दाखवा.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. चष्मा वर-खाली केला.

मी पुढे झालो. पण माझ्या आधी...

भोंगा थांबला.

खोलीत एकदम पोकळी झाली. पान लालच होतं. आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा. रजयांच्या आतून यावा तसा, कोंडलेला.

"आई, वाचू नकोस."

आईच्या हातातला फोन खाली आला.

पलीकडच्या माणसाने विचारलं, तुमच्याजवळ कोण आहे. गोडवा गेला होता.

मग लॅपटॉपमधून आवाज आला. हळू. खाली मान घालून बोलावं तसा.

"सर, मी हे आता परत नाही वाचणार."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो माणूस बोलला, पण आमच्याशी नाही.

"अगं, पण तू तर..."

फोन कट झाला.

मी लॅपटॉप मिटला. तो मिटताना टिटवीच्या रिकाम्या कपाटाचं दार आपोआप किंचित ओढलं गेलं. वारा असेल. खिडकी बंद होती, पण वारा असेल.

आई रडली नाही. बराच वेळ मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून बसली. मी म्हटलं, आई, वाचलो आपण, तिने वाचवलं. आईने मान हलवली.

"तुला कळत नाहीये," ती म्हणाली. "कुठेही कुणीही ते पान उघडलं की तिला तिथे जाऊन ते बोलावं लागतं. जे बोलायची तिला लाज वाटत होती, तेच. आणि मी आई असून रोज दुपारी तिला त्याच कामाला जुंपत होते. का, तर मला बरं वाटावं म्हणून."

दारात उभा राहून मीही ऐकतच होतो की.

आईने त्या खोलीत जाणं सोडलं. टिटवीच्या फोटोसमोरही नजर वर करून उभी राहत नाही. मीही नाही.

लॅपटॉप मी मित्राकडे नेला. कोणतं पान होतं ते बघ आणि तक्रार कुठे करायची ते सांग, म्हटलं. त्याने उघडलेल्या पानांची यादी काढली, त्यातलं ते पान माझ्यासमोर पुन्हा उघडलं. लाल. भोंगा. खाली फोन नंबर, पण तो आता बंद होता. मी श्वास रोखून वाट बघत बसलो.

भोंगा वाजून वाजून पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा सुरू झाला.

मी विचारलं, बाई कधी बोलते?

मित्राने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. त्याने त्या पानात शिरून सगळं शोधलं. म्हणाला, यात भोंग्याखेरीज एकही आवाज भरलेला नाही. बाई-बिई कुणी नाही यात. तू कुठे ऐकलीस?

मी म्हटलं, दुसरं पान असेल.

आम्ही तक्रार केली. पान काढून टाकल्याचं कळवणारं उत्तर आलं. मला वाटलं, सुटली.

परवा दुकानात एक शिंपीणबाई नवीन चष्मा न्यायला आल्या. आमच्याकडचा त्यांचा हा पहिलाच चष्मा. सुईत दोरा ओवायला त्रास होतो म्हणून नंबर काढून गेल्या होत्या. मी चष्मा त्यांच्या कानावर बसवत होतो आणि त्या सहज बोलत होत्या. कालच मुलाच्या कॉम्प्युटरवर ब्लाउजचे गळे बघत होते, म्हणाल्या, तर सगळं लाल झालं आणि अडकलं. मी इतकी घाबरले. फोन लावायलाच घेतला होता.

माझे हात थांबले.

"मग हो, एक मुलगी बोलायला लागली त्यातून," त्या म्हणाल्या. "म्हणाली, काकू, फोन करू नका, हे खोटं आहे. आणि मग नुसती माफी मागत बसली. माझं चुकलं, माझं चुकलं. अशी लाजून बोलत होती बिचारी, की मलाच कसंतरी झालं."

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"काय करणार? म्हटलं, असू दे गं बाळा. झालं ते झालं." त्या हसल्या. "मशीनशी बोलले बघा, काय वेडी मी. पण मी तसं म्हटलं आणि तो सगळा लाल प्रकार गेलाच."

त्यांनी आरशात पाहिलं. काडी जरा घट्ट वाटते, म्हणाल्या. मी ती गरम करून सैल करून दिली. ती मुलगी माझी बहीण होती, हे सांगायला दोन-तीनदा तोंड उघडलं.

नाही सांगितलं.

त्या गेल्यावर मी बराच वेळ काउंटरमागे बसून राहिलो. असू दे गं बाळा. एवढंच तर म्हणायचं होतं. एका परक्या बाईला ते सुचलं. आम्ही दोघं त्या खोलीत होतो, ती आमच्याशी बोलत होती... आणि आमच्यापैकी कुणीही ते म्हटलं नाही.

ते पान आता कुठेच नाही, असं मित्र सांगतो. तरी दुपारी दुकान रिकामं असलं की मी कॉम्प्युटरसमोर बसतो. नको तिथे क्लिक करायला बोट पुढे जातं...

आणि मागे येतं. असू दे म्हणायला तिला पुन्हा तिथे बोलवायचं, की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.