पडताळ्याची रेघ

खाणीच्या निवड चाचणीत लच्छूबाई कुमरेंच्या डोक्यावर तर्कालेखकाचं, म्हणजे विचार करताना मेंदूत काय चालतं ते पडद्यावर रेघेत दाखवणाऱ्या यंत्राचं, हेल्मेट बसवलं होतं आणि डॉ. ऋजुता पेंडसे तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होत्या.

"ज्या बोगद्यात हिरवा दिवा लागतो, तिथली हवा शुद्ध असते. सात नंबरच्या बोगद्यात हिरवा दिवा लागला आहे. तर तिथली हवा कशी?"

"मी सातमधी गेलीच नाही, मॅडम. न जाता कशी सांगू?"

वीस वर्षं हवेचा अंदाज घेऊन कोळसा खाणीत मजूर सोडणाऱ्या बाईचं हे उत्तर. पडद्यावरची रेघ ताठ उभी राहिली. ऋजुतांनी शेरा लिहिला: अनुमानक्षमता नाही. लच्छूबाईंना वर झाडलोटीच्या कामावर पाठवलं आणि त्यांची जागा त्यांच्याच मुलीला, निरूपाला मिळाली. निरूपा बारावी पास होती. तिची रेघ सपाट आली होती.

ऋजुतांचा नवा सहकारी अश्फाक तांबोळी याच्या मनाला हे पटेना. ही रेघ नक्की कशाची, असं त्याने विचारलं. ऋजुतांनी समजावलं, की ऐकलेली गोष्ट आपण स्वतः पाहिली आहे का, हे मेंदू तपासत असतो. ही त्या पडताळ्याची रेघ. शाळेत वर्षानुवर्षं 'समजा' म्हणत गणितं सोडवली, की मेंदू दिलेलं विधान तपासत बसत नाही. रेघ झोपते. यंत्राच्या सूचनेवर चालणाऱ्या नव्या खाणीला अशीच माणसं हवी होती, आणि व्यवस्थापन त्यालाच हुशारी म्हणत होतं.

"पण परीक्षेबाहेर ती पुन्हा उठते का?" अश्फाकने विचारलं.

"उठत असणारच," ऋजुता म्हणाल्या. तपासलं मात्र कोणीच नव्हतं.

दोन महिन्यांनी सात नंबरमधला वायुमापक बिघडला. आतला प्राणवायू कमी होत गेला, दिवा हिरवाच राहिला. निरूपा दिवा पाहून दहा जणांना घेऊन आत शिरली. डोकं जड झालंय, असं दोघं म्हणाले. तिने पुन्हा दिव्याकडे पाहिलं आणि काम चालू ठेवायला सांगितलं. अकरा जणांतलं कोणीही बाहेर आलं नाही.

खाणीतल्या प्रत्येक हेल्मेटमध्येही तर्कालेखक बसवलेला होता; त्या अकरा जणांचे आलेख ऋजुतांनी आता पहिल्यांदाच एकेक करून पाहिले. अकराही रेघा शेवटपर्यंत सपाट होत्या. आपण यांना निवडलं, या विचाराने त्यांना स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी निरूपाचा आलेख घेऊन त्या लच्छूबाईंच्या घरी गेल्या. निदान एवढं तरी त्या माउलीला सांगावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

लच्छूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलीची चप्पल त्यांच्या मांडीवर होती.

"तिला त्रास झाला नाही," ऋजुता म्हणाल्या. "शेवटी काही कळलंही नाही. शांतपणे गेली."

लच्छूबाईंनी मान वर केली.

"तुमी होत्या का तेथं?"

ऋजुतांनी कागद उलगडला आणि सपाट रेघेवर बोट ठेवलं.