दोन नाचांचा रिवाज

‘बाई, आज तुमची जरा जास्तच झालीय. घरी जाऊन झोपा.’

तळ्याकाठच्या नाचमंडपाच्या दारावरचा माणूस हेल्काला हे म्हणाला, आणि तेही सगळ्या रांगेसमोर! हेल्कानं दिवसभरात कॉफीखेरीज कशाला तोंड लावलं नव्हतं. पण डावी पापणी अर्धी उतरली होती, आणि दारावरच्या बुवाला तेवढं पुरलं. फिनलंडात माणसाला ‘बरं नाही का?’ असं विचारायला जीव जातो. दारू झालीय हे मात्र न विचारताच ठरतं.

‘फुंकर मारून दाखवू?’ हेल्का कडाडली. ‘या इकडे, नाक आणा!’

‘कॉफीच आहे हो,’ मागून आवाज आला. ‘मी केव्हाचा यांच्या मागे उभा आहे. दुसरा कसला वास नाही.’

हेल्का गर्रकन वळली. मागे एक उंच माणूस होता, निळा सदरा, उन्हानं लाल झालेले कान. आणि त्याच्या शेजारी अगदी तसाच दुसरा. म्हणजे तो एकटाच होता.

‘मी तुम्हाला साक्षीला बोलावलं होतं?’

‘नाही… राहवलं नाही म्हणून बोललो. मी एस्को.’

‘मग आता राहवून घ्या,’ म्हणत हेल्का ताठ मानेनं आत गेली. गालात हसू मात्र आलं होतं. आलं तर आलं!

मायस्थेनिया ग्रेव्हिस, एवढं भारदस्त नाव, आणि करणी सगळी खोडसाळ. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत धड पोचत नाही, म्हणून स्नायू वापरावेत तसे दमत जातात. हेल्काच्या डोळ्यांचेच दमायचे. सकाळी दोन्ही डोळे टक्क उघडे. दिवस कलला की डावी पापणी खाली, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एकाचे दोन. सौनाच्या, त्या वाफेच्या खोलीच्या, उकाड्यात तर पापणी क्षणात मिटायची. निदान होईतो एकामागून एक डॉक्टरांनी ‘ताण आहे, झोप काढा’ एवढंच सांगितलं. झोप! जिला अख्खं गाव झोपाळू समजत होतं तिला! आणि ज्याच्याशी लग्न ठरायचं होतं तो एक दिवस जांभई देत म्हणाला, ‘तुझ्याकडे बघितलं की मलाच झोप येते गं.’ यावर हेल्का त्याला जे म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आत तिची थोरली बहीण सातू बायकांच्या रांगेत जागा धरून बसली होती. समोर पुरुषांची रांग. नजरेला नजर मिळाली, की तिकडचा माणूस उठून यायचा आणि मान लववायचा.

हेल्का निळा सदरा शोधत होती… नाही, सहजच बघत होती! तो दिसला, आणि नेमकी त्याच क्षणी डावी पापणी हळूच, अगदी लाडात आल्यासारखी, पूर्ण मिटली.

एस्को कान आणखी लाल करून समोर येऊन उभा राहिला.

‘तुम्ही मला… डोळा मारलात?’

‘मारला नाही. पडला.’

‘मग मी परत जाऊ?’

‘आलाच आहात तर नाचा आता!’

टँगो सुरू झाला. त्याचा हात तिच्या पाठीवर हलका, पण खात्रीचा होता. तळ्यावरचा वारा मंडपात शिरला, बर्चच्या पानांचा ओला वास आला, आणि हेल्काला किती तरी दिवसांनी वाटलं, की आपण कुणाला काही पटवून देत नाही आहोत, नुसत्या नाचतो आहोत. एस्को फिरत्या वाचनालयाची बस चालवायचा. गावोगावच्या म्हाताऱ्या त्याच्याकडे प्रेमकथा मागतात, असं त्यानं फार गंभीरपणे सांगितलं.

‘आणि तुम्ही वाचता?’

‘म्हाताऱ्या शेवट सांगून टाकतात. मग काय वाचणार?’

ती हसली. बरं वाटलं, म्हणून डोळ्यांचंही सांगून टाकलं. एस्कोनं सगळं ऐकलं, चेहरा पाडला आणि… तो माती खाऊन बसला.

‘अरे रे. मग अशा वेळी घरी आराम करायला हवा ना तुम्ही?’

हेल्का जागच्या जागी थांबली. पहिला नाच संपतच होता.

‘तुम्हीही? दारावरचाही तेच म्हणतो, डॉक्टरही तेच, बहीणही तेच! घरी बसून पापणीची राखण करू? पाय धड आहेत माझे! नाचता येतं मला, तुमच्याहून बरं!’

आणि ती निघून गेली. तिकडे एक रिवाज आहे: जोडी दोन नाच नाचते, मग पुरुष बाईला जागेवर पोचवतो. एक नाचून मध्येच सोडून जाणं म्हणजे भर मंडपात नकार. तसा नकार मिळालेला माणूस त्या बाईला पुन्हा विचारायला जात नाही.

‘शोभा केलीस ना!’ सातू पुटपुटली. ‘बिचाऱ्याचं तोंड बघ केवढंसं झालंय.’

हेल्कानं बघितलं. एस्को समोरच्या खांबाजवळ आपल्या बुटांकडे बघत उभा होता. चिडून नव्हे, खजील होऊन. बोलला मूर्खासारखं खरं… पण दारात तिच्या बाजूनं बोलणाराही तो एकटाच होता. आणि दुसरा नाच राहिलाय! तो येणार नाही. आज असंच घरी गेलं तर तो निळा सदरा पुन्हा कधी दिसायचा?

तेवढ्यात गायिकेनं घोषणा केली, ‘आता बोलावणं बायकांचं!’

संध्याकाळभरात एकदाच यायची ही संधी. आता बायकांनी उठायचं, पुरुषांच्या रांगेपर्यंत जायचं आणि मान लववायची. हेल्का उठली ती आधी सरबताच्या टपरीकडे धावली. बर्फाचे खडे रुमालात घेऊन तिनं डाव्या डोळ्यावर दाबून धरले. गारव्यानं पापणी वर येते. थोडाच वेळ, पण येते.

‘वेडी आहेस का?’ सातू मागे धावली. ‘पापणी उघडली की दोन दिसतील तुला! त्यापेक्षा मिटलेलीच राहू दे, नाहीतर पट्टी लाव.’

‘समुद्री चाच्यासारखी? नाही! मी त्याला विचारणार आहे ते दोन्ही डोळ्यांनी बघून.’

पापणी वर गेली. हेल्का मंडप ओलांडून निघाली. खांबही दोन, एस्कोही दोन. एक हिरवा झगा त्याच दिशेनं निघालेला, की दोन? तिनं पाऊल उचललं, मनाशी एक एस्को पक्का केला, समोर जाऊन उभी राहिली आणि छान लवून मान झुकवली.

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. दारावरच्या बुवानं ‘सांगत होतो ना!’ अशी मान हलवली. हेल्का खांबाशेजारच्या मोकळ्या जागेला मान लववून उभी होती.

तिचे कान तापले. राग आला, त्या हसणाऱ्यांचा, त्या बर्फाचा, त्या दोन-दोन खांबांचा. डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. वळून जायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं.

एस्कोनं रांगेकडे एकदा असं पाहिलं की हसू बंद झालं. हिरव्या झग्यातली बाई त्याच्यापुढे येऊन ठेपली होती; तिला त्यानं मानेनंच नकार दिला. मग त्यानं बाजूला एक पाऊल टाकलं आणि त्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला. तिथून त्यानं मान लववली.

‘तू… तिथं नव्हतास,’ हेल्का कसंबसं म्हणाली.

‘आता आहे. तुला मी जिथं दिसेन, तिथं येत जाईन. फार लांब नाही, एका पावलावर तर आहे.’ त्यानं हात पुढे केला. ‘मघाशी मूर्खासारखं बोललो. तू घरी बसली असतीस, तर मी इथं कुणाबरोबर नाचलो असतो?’

‘गोड बोलू नकोस. अजून रागावलेय मी.’

‘रागाव. नाचता नाचता रागाव.’

तिनं हात दिला. ‘पण मला अजून दोन दिसताहेत.’

‘मग बरंच झालं. दोन नाचांचा रिवाज आहे. एक माझा, एक त्याचा.’

हेल्का खळखळून हसली. हसता हसता बर्फाची जादू उतरली आणि डावी पापणी सावकाश मिटली.

‘अरे… गेला तो.’

‘मग दोन्ही माझेच,’ एस्को म्हणाला.