आलेखाच्या उलट दिशेने

तिचा आलेख कुणीतरी पेन्सिलने खोडत होतं.

सकाळची वेळ. वर्तमानपत्राच्या इमारतीसमोरच्या कॉफीच्या दुकानात ती रांगेत उभी होती आणि खिडकीपाशी बसलेल्या एका माणसापुढे आजचा अंक उघडा होता. पान तिचंच होतं. महानगर आणि राज्य, दोन्हींच्या लोकसंख्येच्या साठ वर्षांच्या दोन रेषा. राज्याची निळी रेषा संथपणे चढत गेलेली. महानगराची लाल रेषा मात्र मध्येच एकदम उसळी घेऊन वर झेपावलेली. ती उसळी काढताना काल तिला फार मजा आली होती. आणि हा गृहस्थ नेमकी तीच खोडत होता, तेही अगदी निवांतपणे, कॉफीचे घोट घेत.

रांग सोडून ती त्याच्या टेबलापाशी गेली.

"काही चुकलंय का त्यात?" तिने शक्य तितक्या परक्या आवाजात विचारलं.

त्याने वर पाहिलं. चष्म्याची काच पुसायला आलेली, केस विंचरायचे राहून गेलेले. "चित्र सुरेख आहे," तो म्हणाला. "ज्यांनी काढलंय त्यांचा हात चांगला आहे. पण ही उडी... अशी उडी कुणी मारलीच नाही."

मग त्याने समोरची खुर्ची तिच्यासाठी सरकवली आणि समजावून सांगितलं. त्या दशकात सरकारने महानगराची हद्द वाढवली होती. भोवतालची गावं, दोन-तीन छोटी शहरं एका आदेशात आत घेतली. तिथली माणसं आपापल्या घरातच होती, वाळत घातलेले कपडेसुद्धा हलले नव्हते. फक्त रात्री झोपताना गावकरी होती ती सकाळी महानगरवासी झाली. लोक महानगरात आले नव्हते. महानगरच जाऊन त्यांच्याभोवती उभं राहिलं होतं. आधीचे आकडे जुन्या हद्दीचे, नंतरचे नव्या हद्दीचे, आणि दोन्ही एकाच रेषेने जोडलेले. मग उसळी दिसणारच.

"म्हणजे ज्यांनी काढलंय त्यांनी हद्द बघितलीच नाही?"

"घाई असेल. वर्तमानपत्रवाल्यांना घाईच असते."

"असते," ती म्हणाली. "काल संध्याकाळी पान छपाईला सोडायचं होतं. मलाच."

त्याचे कान आधी लाल झाले, चेहरा नंतर. त्याने पेन्सिल खाली ठेवली, परत उचलली, मग अंकाची घडी घालायला घेतली. तीही त्याला जमेना. ती भांडायच्या तयारीने आली होती. पण त्या कानांकडे पाहून तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने घडी घालून दिली.

तो मागच्याच गल्लीतल्या राज्य सांख्यिकी कार्यालयात लोकसंख्या विभागात होता. तिथे सगळे त्याला 'दशांश' म्हणत, कारण तो कुठलाच आकडा पूर्णांकात सांगत नसे. तिला घरी-दारी सगळे 'ठमी' म्हणत, हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही. एवढ्यात सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

वृत्तसंपादकांना सगळं कार्यालय काका म्हणायचं. काकांनी तिचं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि चार ओळींची दुरुस्ती छापून विषय संपव म्हणाले. दुरुस्ती तर छापायचीच, ती म्हणाली, पण खरा आलेखही छापायचा, रविवारच्या पुरवणीत पूर्ण पान. काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "महिनाअखेरचा रविवार घे," ते म्हणाले. "आणि या वेळी हद्द बघून."

काम किचकट निघालं. आजची हद्द पक्की धरायची आणि तिच्यात बसणाऱ्या प्रत्येक गावाची जुन्या प्रत्येक जनगणनेतली संख्या शोधून बेरीज करत मागे जायचं. जुने खंड कुणी संगणकावर चढवलेच नव्हते. ते त्याच्या कार्यालयाच्या वाचनकक्षात, कपाटात. त्याने स्वतःहून सांगितलं की कामाची वेळ संपल्यावर तो रोज तासभर थांबू शकेल. सांगताना त्याने तिच्याकडे न बघता कपाटाकडे पाहिलं.

ती आकडे वाचायची, तो नोंदवायचा. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन टेबलावर यायचं, धूळ उडायची, तिला शिंका यायच्या, आणि प्रत्येक शिंकेनंतर तो पाण्याचा पेला अगदी थोडासा तिच्या बाजूला सरकवायचा. प्रत्येक बेरीज तो दोनदा करायचा. एका संध्याकाळी तिने विचारलं, पहिल्यांदा बरोबर आली तरी?

"पहिल्यांदा चुकू शकतं ना."

"म्हणजे आजचं हे सगळं तपासायला मी उद्या परत यायचं?"

"तपासायला..." तो थांबला. "हो. तपासायला."

दोघंही गंभीरपणे आकड्यांकडे वळली. तिचं मात्र पुढचं अख्खं पान चुकलं. एकाच गावाची संख्या तिने दोनदा वाचली.

"थांब, हे वाचलंस तू," तो म्हणाला, आणि त्याचं पेन तसंच हवेत राहिलं. इतके दिवस अहो-जाहो चाललं होतं. तिने मान वर केली नाही. "बरं," ती म्हणाली, "मग तू लिहिलं नाहीस ना दोनदा?" त्यानंतर दोघांपैकी कुणीच पुन्हा 'अहो'वर गेलं नाही.

महानगराची बेरीज झाली. तुलनेसाठी राज्याच्या बाकीच्या जिल्ह्यांचे आकडे लागणार होते. ते वाचता वाचता तिचं बोट राज्याच्या पार टोकाच्या एका गावावर आलं. पहिल्या जनगणनेचा आकडा तिने वाचला, पुढचे त्याने खंडाकडे न बघताच सांगितले. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा कमी.

पाठ कसे, तिने विचारलं. माझंच गाव, तो म्हणाला. शाळा संपल्यावर तो शिकायला महानगरात आला होता, त्याच्या वर्गातले बहुतेक सगळेच आले. या दशकात जी घट दिसतेय ना, त्यात एक मी आहे, असं त्याने अगदी रोजच्या आवाजात सांगितलं. खंड मिटला मात्र फार हळू, झोपलेल्या कुणाच्या तरी अंगावर पांघरूण घालावं तसा.

एका रविवारी ती त्याला घरी जेवायला घेऊन गेली. तिची आई प्रसूतिगृहात परिचारिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. आईने पहिल्या घासालाच सांगून टाकलं की महानगर कसं वाढलं हे मला विचारा, माझ्या कक्षातल्या निम्म्याहून जास्त बाळंतिणी बाहेरगावच्या असायच्या. त्याने वर्ष विचारलं. आईने वर्ष सांगितलं. मग जन्मदरावर दोघांची अशी काही मैफल जमली की ताटातलं सगळं गार झालं आणि ठमी नुसतीच वाढत राहिली.

तो गेल्यावर आई म्हणाली, "मुलगा बरा आहे. जेवताना आकडे बोलतो, पण खोटं बोलत नाही." आणि भांडी आवरता आवरता, "तुझ्याकडे बघितलं की मात्र बोलायचंच विसरतो."

महिनाअखेरच्या रविवारी पान छापून आलं. लाल रेषेतली उडी गेली होती. महानगर राज्यापेक्षा वेगाने वाढलं होतं हे खरंच, पण झेप घेऊन नाही, पायरी-पायरीने. गेल्या वीस वर्षांत तर तोही वेग मंदावला होता. मधलं जुनं शहर रिकामं होत होतं आणि कडेच्या वस्त्या भरत होत्या. राज्याची निळी रेषा संथ दिसत होती, पण ती सगळ्यांची मिळून; तिच्या पोटात निम्मे जिल्हे ओसरत चालले होते. काकांनी पान हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, उडी नाही, तरी लोक वाचताहेत.

त्याच आठवड्यात त्याच्या बदलीचा आदेश आला.

गावी जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं छोटं उपकार्यालय होतं, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीही तिथेच व्हायच्या. तिथली जागा रिकामी होती, आणि त्याने वर्षापूर्वी, ती भेटण्याच्या आधी, तिथे अर्ज केला होता. वडील शाळेतून निवृत्त झालेले, घरात एकटे, गुडघ्यांनी बेजार. अर्ज मंजूर झाला. हे सगळं त्याने तिला कार्यालयाबाहेरच्या बाकावर सांगितलं, महिनाभरात जायचंय म्हणाला. ती पुढचं ऐकायला थांबली. पुढे तो वाचनकक्षाच्या किल्लीबद्दल बोलला. नवीन येणारा माणूस चांगला आहे, तिला हवे ते खंड काढून देईल, असंही बोलला.

तिने अभिनंदन केलं आणि ती घरी आली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने लेकीकडे पाहिलं.

"त्याने विचारलं?"

"नाही."

"मग तू विचार."

"मी का म्हणून विचारू?"

"मग बस," आई म्हणाली, आणि पुढचा कपडा घेतला.

ती दोन दिवस बसली. दोन्ही दिवस पानं वेळेत सोडली, एकही चूक केली नाही, कुणाशी जास्त बोलली नाही. काकांनी तिच्या टेबलावर न विचारताच कॉफी आणून ठेवली, यावरून तिला कळलं की सगळ्यांना दिसतंय. तिसऱ्या दिवशी ती वाचनकक्षात गेली. तो खंड कपाटात परत लावत होता. खिडकीबाहेर भुरभुर पाऊस लागला होता, खोलीत दिवे लावलेले होते.

"तुला मला काही विचारायचं नाहीये?"

त्याने हातातला खंड आधी नीट जागेवर सारला. मग चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो फारच तरुण दिसायचा, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

"विचारायचं होतं," तो म्हणाला. "पण मला माहितीये ना... तिकडून शंभर माणसं इकडे येतात तेव्हा इकडून तिकडे चार पूर्णांक सहा जातात. तीही निवृत्त झालेली. महानगरात वाढलेली, नोकरी असलेली, तुझ्या वयाची मुलगी... त्या रकान्यात मी कधी कुणी बघितलंच नाही. मग उगाच तुला कशाला पेचात टाकायचं?"

"म्हणून माझं उत्तर तूच लिहून मोकळा झालास."

"आकड्यांवरून..."

"तू सरासरीला विचारलंस," ती म्हणाली. "मला नाही विचारलंस."

'मला' म्हणताना आवाज कापला, त्याचा तिला राग आला. ती खिडकीकडे वळली. काचेवर थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते. मग मागे मधली खुर्ची बाजूला सरकल्याचा आवाज आला आणि तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. जवळ, पण मध्ये हातभर अंतर सोडून.

"चुकलं माझं," तो म्हणाला. आणि एक श्वास घेऊन, "येशील... माझ्याबरोबर? तिकडे?"

तिला हो म्हणायचं होतं. पण न पाहिलेल्या जागेबद्दल एक ओळही न लिहिण्याची तिला सवय लागली होती. त्या एका लाल उसळीपासून तर फारच.

"आधी बघते," ती म्हणाली. "मग सांगते."

तो हसला नाही, रुसलाही नाही. फक्त मधलं हातभर अंतर तेवढं राहिलं नाही.

तो गेल्यावर दोन आठवड्यांनी ती गेली. बस प्रत्येक थांब्यावर रिकामी होत गेली. समोरून येणाऱ्या गाड्या भरलेल्या होत्या. खिडक्यांशी तिच्याहून लहान मुलंमुली, मांडीवर बॅगा घेतलेली. शेवटच्या थांब्यावर ती एकटीच उतरली. तो आधीपासूनच येऊन उभा होता, आणि या वेळी केस विंचरलेले होते.

तिने गाव बातमीसाठी पाहावं तसंच पाहिलं. मुख्य रस्त्यावर दर तिसऱ्या-चौथ्या घराला कुलूप. शाळेचा एक मजला बंद. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात. इंटरनेट मनाला येईल तेव्हा चालतं. त्याच्या वडिलांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं; त्यांनी तिला स्वतः काठी टेकत शाळा दाखवली आणि काहीही गोड करून सांगितलं नाही. कंटाळा येतो इथे, ते म्हणाले, संध्याकाळी चारनंतर फार.

पण दुसऱ्या दिवशी ती त्याच्या कार्यालयात जाऊन बसली, तेव्हा तिला आणखी एक गोष्ट दिसली. जन्मनोंदीचा उतारा घ्यायला आलेल्या एका आजींनी त्याला लहानपणीच्या कसल्याशा खोडीवरून टोमणा मारला आणि तो मान मागे टाकून, तोंडभर, मोठ्याने हसला. महानगरात इतक्या संध्याकाळी शेजारी बसूनही तिने ते हसू पाहिलं नव्हतं. गालाला खळी पडते हेही तिला आत्ताच कळलं.

संध्याकाळी दोघं घराच्या पायरीवर बसली. वारा सुटला होता. तो काही विचारत नव्हता. विचारून झालं होतं आणि घाई करायची नाही असं त्याने ठरवलेलं स्पष्ट दिसत होतं. बोटं मात्र पायरीवरचा एकच खडा इकडून तिकडे करत होती.

"ती माडीवरची खोली," ती म्हणाली, "तिची खिडकी उत्तरेला आहे का?"

"हो. का? तिथे बाबांची पुस्तकं असतात."

"ती खाली हलवावी लागतील. मला चित्रं काढायला उत्तरेचा उजेड लागतो." ती समोर रस्त्याकडे बघत होती. "काकांशी बोलून आलेय मी. पानं इथून पाठवली तर चालतील म्हणाले. महिन्यातून एकदा तोंड दाखवायचं. आईला सांगितलंय, ती आधी रडली, मग तिथे बाळंतपणं कोण करतं म्हणून विचारलं. म्हणजे येऊन-जाऊन राहील बहुतेक. इंटरनेटचं मात्र तुला बघावं लागेल."

खडा थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिने तळहात पायरीवर उताणा ठेवला. त्याने आपला हात त्यात ठेवला, क्षणभर घट्ट धरला... आणि उठून, एकेक सोडून पायऱ्या चढत माडीवर गेला.

वरून पुस्तकांचे गठ्ठे ओढल्याचे आवाज यायला लागले.

स्वयंपाकघरातून गुरुजींनी हाक मारली, "अरे, काय चाललंय वर? आधी जेवून तरी घ्या दोघं."