सीलबंद डबीतला तपकिरी ठसा

डबी उजेडात तिरपी धरताच व्यवस्थापकांच्या तोंडचे पाणी पळाले. आत चांदीचे संग्राह्य नाणे होते, आरशासारखे लखलखीत. आणि त्या आरशावर बोटाचा अर्धवट तपकिरी ठसा होता. डबीवरच्या चिठ्ठीत मात्र सत्तरपैकी सत्तर गुण लिहिले होते. सत्तर म्हणजे भिंगाखालीही निष्कलंक!

नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या त्या संस्थेची सारी पत त्या आकड्यावर उभी होती. मुख्य परीक्षक बाईंना तत्काळ पाचारण करण्यात आले.

"चोर घरातलाच आहे," व्यवस्थापक म्हणाले. "गेल्या आठवड्यात नाणं आलं. गरुडकाकांनी तपासून सत्तर दिले. हा तेव्हाचा फोटो, यात डाग नाही. काल पॅकिंगवालीनं डबी बंद केली. चांगलं नाणं लाटून तिनं हे आत घातलं. मालक दुपारी येतोय, त्याआधी मी पोलिसांना कळवतो."

बाई व्यवस्थापकांच्याच खुर्चीत बसल्या; व्यवस्थापक खिडकीपाशी उभे राहिले. फोटो आणि नाणे त्यांनी भिंगाखाली आळीपाळीने न्याहाळले. दोन्हींत कडेशी मोहरीहून बारीक पांढरा ठिपका होता. मग त्यांनी पॅकिंगवालीला बोलावले.

पॅकिंगवाली आली. ती गरुडकाकांची थोरली सून.

"हातमोजे होते?"

"होते."

"मग ठसा कुठून आला?"

"मोजा फाटला असेल. माझाच हात लागला असेल."

"असेल, की लागला?"

"लागला असं लिहा."

"नाणं बदललंस?"

"नाही." हा एकच शब्द तिने मान वर करून उच्चारला.

"चिठ्ठी कोण लिहितं?"

"मामंजी गुण सांगतात, मी लिहिते. नाण्यावरचं सालही मीच वाचून दाखवते. त्यांचा वेळ वाचतो."

मग गरुडकाकांना बोलावले. केसाएवढा ओरखडाही त्यांच्या तावडीतून सुटत नसे, म्हणून हे नाव पडले होते. ते दारातूनच खुर्चीकडे पाहून हात जोडते झाले.

"नमस्कार, साहेब."

"साहेब खिडकीपाशी आहेत, काका. मी बोलतेय."

"नमस्कार खुर्चीला असतो, बाई. बसणारे बदलतात."

व्यवस्थापक हसले. बाई हसल्या नाहीत.

"तुम्ही तपासलं तेव्हा ठसा होता?"

"असता तर मी सत्तर दिले असते?"

"म्हणजे नंतर लागला. सुनेच्या हातून?"

काका रुमालाने भिंग पुसत राहिले. "मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"मग चोरीचं पोलिसांनाच कळवतो," म्हणत व्यवस्थापकांनी फोन उचलला. भिंतीशी उभ्या असलेल्या सुनेने सासऱ्यांकडे पाहिले. काका भिंगच पुसत होते.

"फोन ठेवा," बाई म्हणाल्या. "काका, आधी हे नाणं पाहा."

पिशवीतून त्यांनी दुसरे चकचकीत नाणे काढले. काकांनी ते कडांनी अलगद धरले, दिवा जवळ ओढला, सराईत हाताने तिरपे करून फिरवले. पद्धतीत तिळमात्र चूक नव्हती.

"सत्तर. डोळे झाकून द्या."

व्यवस्थापक पुढे वाकले आणि जागीच थिजले. नाण्यावर फडक्याने घासल्याच्या रेघांचे जाळे होते. त्यांना ते भिंगाशिवायही दिसत होते.

बाई सावकाश बोलू लागल्या. "ताज्या बोटाचा ठसा बिनरंगी असतो. घामातले क्षार चांदीला खातात, तेव्हा तो तपकिरी होतो, आणि त्याला महिने जातात. कालच्या हाताचा ठसा आज असा दिसणार नाही."

"म्हणूनच म्हणतो, नाणं बदललं!"

"बदललं नाही. फोटोत कडेशी पांढरा ठिपका आहे, या नाण्यावरही नेमका तिथेच आहे. नाणं तेच, आणि ठसा घेऊनच ते इथं आलं. फोटो काढताना उजेड सरळ पडतो, आरसा काळा दिसतो, त्यात ठसा बुडून जातो. तिरपं धरलं की दिसतो. काकांनी तिरपंही धरलं असेल, आत्ता धरलं तसंच. सूनबाई साल वाचून दाखवते; खुर्चीत कोण बसलंय ते काकांना कळत नाही. डोळे गेल्याचा दोष मी देत नाही. पण दिसत नसताना सत्तर दिले, आणि सुनेवर चोरी येत असताना तोंडात मिठाची गुळणी धरली, हा गुन्हा काकांचा."

काकांनी भिंग टेबलावर ठेवले. "वर्ष झालं," ते पुटपुटले. "गरुड म्हणतात मला. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

"वर्षभराच्या डब्या?" व्यवस्थापकांचा आवाज चिरकला.

"सगळ्या परत मागवायच्या," बाई म्हणाल्या. "आजच. मालकाला मी सांगते."

काकांनी अंदाजानेच सुनेच्या दिशेने तोंड वळवले. "तुला ठाऊक होतं ना? मग तू का बोलली नाहीस?"

"तुमच्या डोळ्यांचं ठाऊक होतं, मामंजी. मला वाटलं, पोलिसांचं नाव निघालं की तुम्ही बोलाल. मी वाट पाहत होते."