उत्तरापुरती जागा

माझ्या मुलाने, अनिशने, पुण्याहून कुरिअरने पाठवलेली हार्ड डिस्क जाड शब्दकोशाएवढी होती. सोबत दोन वायरी. एक कॉम्प्युटरला जोडायची, दुसरी विजेची, मध्ये काळा अडॅप्टर असलेली.

"आधी वीज, मग कॉम्प्युटर," मी श्रुतिकाला सांगितलं. "काढताना उलट. घाई केली तर आतलं सगळं जाऊ शकतं."

श्रुतिका शेजारची, चौथीतली. तिच्या घरी सगळे हिंदीच बोलत, म्हणून शाळा सुटली की माझ्याकडे मराठी वाचायला यायची. तिने बोर्डावरचं बटण दाबलं. डिस्कवर निळा दिवा लागला आणि आत काहीतरी बारीक घरघरू लागलं.

"गुरुजी, ये तो जागं झालं."

कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क महिनाभर टकटक करत होती. "सर, हे कधीबी जाईन," दुकानदार प्रेमलाल म्हणाला होता. "जे पाहिजे ते काढून ठेवा."

मला हवा होता तो फक्त कालिंदीचा आवाज.

माझी बायको कालिंदी बालाघाटच्या या घरात, ओसरीवर, गल्लीतल्या पोरांना गोष्टी सांगायची. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी पोरांना खोलीत यायला मनाई केली, तेव्हा तिने पलंगावर बसून गोष्टी रेकॉर्ड केल्या. सवयीने मध्येच प्रश्न विचारायची, उत्तरापुरती थांबायची, मग "हौ, बरोबर" म्हणून पुढे जायची. त्या थांबण्यात फक्त छताच्या जुन्या पंख्याची खडखड भरली होती. ती गेल्यावर तो पंखा मी उतरवून टाकला. रेकॉर्डिंग मात्र त्या एका कॉम्प्युटरशिवाय कुठेच नव्हतं.

कॉपी पूर्ण झाल्यावर तपासायला म्हणून मी नव्या डिस्कवरून सारसाची गोष्ट लावली. वैनगंगेकाठी, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सारसाची जोडी राहत होती. एक दिवस मादी उडून गेली ती परत आलीच नाही.

"मंग एकटा सारस कुठं गेला असन?" कालिंदीने विचारलं.

"तिले ढुंढायले गेला, आजी," श्रुतिका स्पीकरकडे बघत म्हणाली.

"हौ, बरोबर."

श्रुतिका खुदकन हसली.

थोड्याच दिवसांत जुनी डिस्क कायमची बंद पडली. प्रेमलालने तिच्या जागी दुसरी बसवली. मग श्रुतिकाच्या वडिलांची किरनापूरला बदली झाली. तिची चटई मी गुंडाळून ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली. संध्याकाळी कुणी फाटक वाजवेनासं झालं.

एका दुपारी घर फारच गप्प वाटलं, म्हणून सारसाची गोष्ट लावली. कालिंदीने प्रश्न विचारला. पंखा खडखडला.

"तिले ढुंढायले गेला, आजी."

"हौ, बरोबर."

मी प्रेमलालला बोलावलं. तो टेबलाखाली वाकून मागच्या वायरी बघत राहिला.

"माईकच नाही लावला तुमी, तं आवाज भरन कुठून?" तो म्हणाला. "सर, आधीच असन तो. तुमी विसरले."

विसरलो असेन, असं मी स्वतःलाही सांगून पाहिलं.

दसऱ्यानंतर पुन्हा तीच गोष्ट लावली. या वेळी श्रुतिकाचं उत्तर आलं नाही. कालिंदी थांबली ती थांबलीच. पंखा खडखडत राहिला.

"आज पोरं नाही आले वाटते," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "तुमी सांगा मंग."

मी स्पीकरकडे वाकलो. तेवढ्यात बाहेर ढग गडगडले आणि पाऊस कोसळू लागला.

एकदा वीज पडून आमचा टीव्ही जळाला होता. तेव्हापासून कालिंदीची शिस्त होती, गडगडाट झाला की आधी बोर्डावरचे सगळे प्लग उपसायचे. माझे हात सवयीने बोर्डाकडे गेले आणि मी एकेक प्लग ओढून काढला. शेवटचा हातात आला तेव्हा कळलं की तो डिस्कचा होता. घाई झाली होती. आतलं सगळं गेलं असणार.

पडदा काळा झाला होता.

निळा दिवा जळत होता.

मी कॉम्प्युटरची वायर काढली. डिस्कच्या पाठीतली विजेची वायरही काढली. दोन्ही टेबलावर पडल्या.

घरघर चालूच होती.

डिस्क उचलली. तापात कपाळ लागतं तशी ती हाताला लागली.

ती उत्तराची वाट बघत होती.

"कुठंच नाही गेला," मी म्हणालो. "तिथंच उभा हाये, बांधीत."

घरघर मंदावली. दिवा विझला.

पाऊस उघडल्यावर मी सगळं पुन्हा जोडलं. आधी वीज, मग कॉम्प्युटर. गोष्ट तिथे होती. कालिंदीने विचारलं, एकटा सारस कुठं गेला असन. त्या जागेत माझा आवाज आला, माझंच उत्तर. पण त्याच्यामागे पाऊस नव्हता. पंख्याची खडखड होती.

"हौ, बरोबर," कालिंदी म्हणाली. "बसा."

आणि स्पीकरमध्ये तिचा पलंग कुरकुरला, कडेला कुणी टेकावं तसा.